मंडळी

ख्रिस्ती मनुष्यानें आपला धर्म रोजच्या व्यवहारांत कसा पाळावा आणि आपल्या मंडळींत कसें वागावें, ह्या विषयावर चार शब्द सांगावे असें मला सुचविण्यांत आलें आहे. मी धर्मोपदेशक नव्हे. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकच्या अखेरच्या कांहीं तुकड्यांतून पास झालेला व पुढें सारा जन्म प्राथमिक शाळेंत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविलेला मी एक मास्तर. तेव्हां शास्त्रार्थाची अपेक्षा माझ्याकडून कोणी करूं नये. शब्दांचे अर्थ समजावून देणें हें माझें काम होतें; म्हणून एका शब्दापासूनच आरंभ करतों.

तो शब्द म्हणजे 'मंडळी'. चर्च म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें घंटेचा मनोरा असलेली इमारत उभी राहते. पण त्या इमारतींत जे लोक जमतात त्यांस मराठी ख्रिस्ती 'मंडळी' म्हणतात. मराठी नव्या करारांतही हाच शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बोलावून एकत्र आणलेली सभा' असा सांगतात. भाषांतरकारांना सभा, संघ, समाज असे शब्द कांहीं दुर्मिळ नव्हते. त्यांनीं 'मंडळी' हा घेतला. आतां हा शब्द आपल्या घरांत कसा वावरतो तें पहा. जुन्या पिढीचे गृहस्थ पत्नीचें नांव घेत नसत. 'आमची मंडळी माहेरीं गेली आहे' असें म्हणत. पंगत बसली कीं यजमान हात जोडून म्हणे, 'मंडळी, सावकाश होऊं द्या.' म्हणजे हा शब्द मूळचा देवळांतला नव्हे. तो ओसरीवरचा, माजघरांतला, पंगतीचा आहे. ज्यांच्याबरोबर आपण जेवतों, ज्यांच्या उशाशीं आजारपणांत जागतों आणि ज्यांच्याशीं कितीही कडाक्याचें भांडण झालें तरी ज्यांना सोडून जातां येत नाहीं, त्यांचा हा शब्द आहे. भाषांतरकारांनीं तो विचारपूर्वक निवडला असो वा सहज सुचला म्हणून घातला असो, त्यांनीं आम्हांला मोठ्या जबाबदारींत टाकून ठेवलें आहे. सभेला हजेरी लावून भागतें. मंडळी म्हटली कीं पंगतीला बसावें लागतें.

आणि पंगत ही महाराष्ट्रांत सोपी गोष्ट कधींच नव्हती. पुण्याच्या पंचहौद मिशनमधला चहा आपण सर्वांनीं ऐकलेला आहे. १८९० सालच्या ऑक्टोबरांत तेथें व्याख्यानानिमित्त शहरांतले नामांकित गृहस्थ जमले होते. न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. त्यांच्यापुढें चहा आणि बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणीं चहा घेतला, कोणीं नुसता पेला हातीं धरला. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी ह्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आणलीं, आणि एका पेल्यावरून पुण्यांत जें वादळ उठलें तें शंकराचार्यांच्या पीठापर्यंत जाऊन पोंचलें. चौकशी झाली, प्रायश्चित्तें सांगण्यांत आलीं. आज आपण ती कथा हसत हसत सांगतों. ख्रिस्ती लोक तर ती विशेष आनंदानें सांगतात. जणूं काय हा सगळा प्रश्न पलीकडच्या आळींतला होता.

तो तसा नव्हता. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं अहमदनगरास, म्हणजे आज आपण ज्याला अहिल्यानगर म्हणतों तेथें, काम सुरू केलें. पुढें त्या जिल्ह्याच्या खेड्याखेड्यांतून महार व मांग समाजांतले पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले, कांहीं ब्राह्मण कुटुंबेंही आलीं. बाप्तिस्म्याचें पाणी डोक्यावर पडलें म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचीं अंतरें त्याबरोबर वाहून गेलीं असें झालें नाहीं. प्रभुभोजनाच्या वेळीं एकाच पेल्याला एकामागून एक सर्वांनीं ओंठ लावायचे. हा विधि विलायतेंत साधा असेल, नगर जिल्ह्यांत तो अग्निदिव्याइतका कठीण होता. हल्लीं अनेक मंडळ्यांतून लहान लहान पेले वेगळे देतात. आरोग्याच्या दृष्टीनें तें ठीकच आहे, आणि २०२० सालच्या साथीनंतर तर त्याविरुद्ध बोलण्याची सोय नाहीं. तरी मला त्या एका मोठ्या पेल्याची आठवण होते. त्यांत परीक्षा होती.

ही परीक्षा घरांत बसून कोणीं दिली असेल तर ती लक्ष्मीबाई टिळकांनीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालच्या १० फेब्रुवारीस मुंबईस झाला. लक्ष्मीबाईंना तो वज्राघात वाटला, आणि लहानग्या मुलाला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयानें राहिल्या. त्यांचें बालपण कोणत्या घरांत गेलें तें त्यांनीं 'स्मृतिचित्रें' ह्या आपल्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे; त्याचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. वडिलांचें सोंवळें असें, कीं बाजारांतून आलेलें मीठसुद्धां धुतल्यावांचून घरांत घेतलें जात नसे! धुतलेल्या मिठाचें काय उरत असेल तें आपण जाणतांच. अशा घरची ती मुलगी. पुढें त्या टिळकांजवळ येऊन राहिल्या, तरी त्यांचें पाणी वेगळें, चूल वेगळी. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोंवळ्यांत, असा तो संसार चालला होता, आणि टिळकांनीं त्यांच्यावर सक्ती केली नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

मग एके दिवशीं लक्ष्मीबाई एकट्याच विचार करीत बसल्या. माणसें देवानें केलीं. पण हा उच्च व हा नीच हें देवानें केलें कीं माणसानें? उत्तर त्यांचें त्यांनाच मिळालें, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचें खावयाचें व प्यावयाचें असा त्यांनीं निश्चय केला. श्रोतेहो, ह्या प्रसंगाचा क्रम पहा. बाप्तिस्मा अजून झाला नव्हता. तो १९०० सालीं झाला. आधीं सुटली ती भांड्याची शिवाशिव, आणि मग आला विधि. आमच्यांतल्या पुष्कळांचा क्रम ह्याच्या उलटा असतो. विधि आधीं होऊन जातो, तोही आईच्या कडेवर असतांना. भांड्यांचें मग पुढें पाहूं म्हणतों, आणि तें पुढें कधीं येत नाहीं.

टिळकांच्या घरीं मग जी पंगत बसूं लागली तिला कांहीं धरबंद उरला नाहीं. अनाथ मुलें आलीं, आजारी आले, वाट चुकलेले आले. बालकवि ठोंबरे त्या घरांत राहिले. ते हिंदुच राहिले आणि लक्ष्मीबाईंनीं त्यांच्यावर आईची माया केली. घरांत पैसा टिकत नसे. कारण टिळकांचा हात देण्यासाठीं जसा चाले तसा ठेवण्यासाठीं चालत नसे. कवीच्या औदार्याचें कौतुक आपण वाचक करतों; डब्यांत पीठ नाहीं हें ज्या बाईला पहाटे कळतें तिचें कौतुक निराळें करावें लागेल. मला विचाराल तर महाराष्ट्रांतल्या ख्रिस्ती जीवनाचा उत्तम ग्रंथ म्हणून मी कोणत्याही धर्मशास्त्राकडे बोट दाखविणार नाहीं, 'स्मृतिचित्रां'कडे दाखवीन. त्यांत उपदेश जवळजवळ नाहींच. त्यांत भांडणें आहेत, रुसवे आहेत, फजित्या आहेत, प्लेगाचे दिवस आहेत. आणि इतकें सर्व होऊन घराचें दार उघडें आहे.

टिळकांचें आणखी एक सांगितलें पाहिजे. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोहोंनाही तेथें ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. पगार घेऊन सांगितलेला धर्म लोकांच्या कानापर्यंत जातो, पुढें जात नाहीं, असें त्यांना वाटूं लागलें होतें असें मी समजतों. पगारी पाळकांविषयीं मला आदर आहे. त्यांनाही मुलेंबाळें असतात. परंतु दोन वर्षांनीं, १९१९ च्या मे महिन्यांत, टिळक गेले, आणि दरबाराची कल्पना तशीच अर्धी राहिली. त्यांचीं भजनें मात्र राहिलीं. आमच्या 'उपासना संगीता'च्या पुस्तकांतून तीं काढून टाकलीं तर मराठी उपासनेला अर्धा आवाज उरेल. कृष्णराव सांगळे ह्यांनीं नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची चाल पाडली, टिळकांनीं भजनाची. त्यांच्यामुळें खेड्यांतल्या निरक्षर बाईच्या तोंडींही आपला धर्म आपल्या भाषेंत आला.

केडगांवचेंही नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन काढलें, दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास आणलें. नंतर दुष्काळांत सांपडलेल्या मुली शेंकड्यांनीं आल्या तेव्हां दौंड तालुक्यांत केडगांवास 'मुक्ति' उभी राहिली. तेथें प्रार्थना तर होतीच. पण माग होते, शेत होतें, छापखाना होता. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सबंध बायबलाचें भाषांतर केलें, साध्या बायकांना समजेल अशा मराठींत. आणि १९२२ सालच्या एप्रिलांत मृत्यु येण्यापूर्वीं तें काम तडीस नेलें. त्याचे खिळे जुळविले ते मुक्तीच्याच मुलींनीं. ज्या पोरीला दुष्काळांत आईबापांनीं सोडलें होतें ती पोर शिशाचें एक एक अक्षर उचलून शास्त्र लावते आहे, हें चित्र डोळ्यांपुढें आणा. तिच्या बोटांना लागलेली शाई मला पुष्कळ व्याख्यानांहून अधिक बोलकी वाटते.

हें सर्व झालें पूर्वजांचें. पूर्वजांची कीर्ति सांगणें हा आम्हां मराठी माणसांचा आवडता विश्राम आहे, आणि ख्रिस्ती मराठी माणूस त्याला अपवाद नाहीं. म्हणून आतां मी माझ्या गांवाकडे वळतों.

निवृत्त झाल्यावर मी मुलाकडे मारुंजीस राहतों. मारुंजी हें मुळशी तालुक्यांतलें, हिंजवडीला लागून असलेलें गांव. एका बाजूला टेकडी, आणि पूर्वी सभोंवार भाताचीं खाचरें. हिंजवडीस संगणकाचा व्यवसाय आला आणि खाचरांच्या जागीं वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा त्याआधींचा. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालचा. मागाहून औद्योगिक वसाहती वाढल्या, आणि नगर व जालना जिल्ह्यांतलीं ख्रिस्ती कुटुंबें कामासाठीं तिकडे आलीं. तीं येतांना पेटीच्या तळाशीं भजनाचें पुस्तक घेऊन आलीं. पुष्कळ मंडळ्यांचा आरंभ चाळींतल्या एका खोलींत, चटईवर झाला. १९७० सालच्या नोव्हेंबरांत नागपुरास निरनिराळ्या सहा मिशनांच्या मंडळ्या एकत्र होऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालें, ही मोठी गोष्ट. पण चाळींत तें ऐक्य त्यापूर्वींच झालेलें होतें, कारण खोली एकच होती आणि पेटीवाला एकच होता!

मारुंजीच्या इमारतींतून आतां केरळचे, तमिळनाडूचे, गोव्याचे, ईशान्येकडचे आणि आमच्यासारखे मराठी असे ख्रिस्ती राहतात. रविवारीं सकाळीं जो तो आपापल्या गाडींत बसून दूरच्या आपापल्या चर्चला जातो. कोणी मिस्सेला जातो, कोणी मलयाळम उपासनेला, कोणी इंग्रजी. परतल्यावर उद्वाहनांत आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलवितों. एका भिंतीच्या आड दोन घरें एकाच वेळीं तीच प्रार्थना म्हणतात आणि एकमेकांचें आडनांव त्यांना माहीत नसतें. पौलानें करिंथच्या मंडळीला एक कडक पत्र लिहिलें आहे. तेथें श्रीमंत लोक लवकर येऊन पोटभर जेवत व मजूर दमून उशिरा येत तेव्हां त्यांच्यासाठीं कांहीं शिल्लक नसे. आणि ह्यालाच तुम्ही प्रभुभोजन म्हणतां काय, असा त्याचा रोख आहे. एकोणीस शतकें उलटलीं. वेळापत्रक हें अजूनही श्रीमंतांच्या सोयीचें असतें.

परंतु वेळापत्रकाआधीं एका जुन्या दुखण्याविषयीं बोलायला हवें. आमच्या लग्नाच्या जाहिराती वाचा. 'ख्रिस्ती वधू पाहिजे' इतकें लिहून पुष्कळांचें भागत नाहीं. पुढें आडून आडून विचारणा होते, मूळचे कोण? दीडशें वर्षें झालीं, चार पिढ्या प्रभुभोजनाला बसल्या, आणि सोयरीक करतांना मूळ अजून उकरलें जातें. मला ह्यांत कांहीं क्षम्य वाटत नाहीं. ह्याहून गुंतागुंतीची एक बाजू आहे, तिच्याविषयीं मी इतका ठाम नाहीं. १९५० सालच्या आदेशानें अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवण्यांत आला. १९५६ सालीं शीखांना व १९९० सालीं बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती व मुसलमान अद्याप बाहेर आहेत. त्यामुळें असें घडतें, कीं एखादा मनुष्य कागदावर एक असतो व रविवारीं दुसरा. त्याचें दारिद्र्य बदललेलें नाहीं, गावानें त्याला दिलेली जागा बदललेली नाहीं, बदलला तो फक्त देवाला हांक मारण्याचा शब्द. अशा मनुष्याला ढोंगी म्हणणारे पाळक मीं पाहिले आहेत. त्या मनुष्याच्या मुलाची फी कोण भरणार हें मात्र त्यांनीं सांगितल्याचें माझ्या ऐकण्यांत नाहीं. मंडळीनें त्याला खोटें बोलूं नको म्हणावें, अवश्य म्हणावें. पण तत्पूर्वीं त्याच्या पंगतीचा भार उचलावा.

मरणाच्या वेळीं मंडळी म्हणजे काय तें उघड होतें. मागें आमच्या इमारतींत परप्रांतांतून मुलाकडे आलेले एक वृद्ध वारले. मुलगा हुशार, मोठ्या हुद्द्यावरचा. पण वडिलांना पुरावें कोठें, हें त्याला माहीत नव्हतें. नव्या वस्तीचा नकाशा आंखतांना रस्ता आंखतात, पोहण्याचा तलाव आंखतात; माणसें येथें मरतीलही हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शिवाय त्याचें चर्च दूर, आणि तेथें नांव नोंदलेलें नाहीं, म्हणून दफनभूमींत जागा मिळण्यास अडचण. सारा दिवस दूरध्वनि करण्यांत गेला. शवपेटी उद्वाहनांत मावेना. ती जिन्यानें सोळा मजले उतरवावी लागली. खांदा द्यायला कोण आलें? त्याच्या भाषेचे दोघे, मी म्हातारा नांवापुरता, आणि बाकी पहारेकरी. गाडी दिली ती गांवांतल्या एका शेतकऱ्यानें. गळ्यांत तुळशीची माळ, दर आषाढांत पंढरीला जाणारा मनुष्य. भाड्याचें विचारतां त्यानें कानाला हात लावला. त्या दिवशीं करिंथच्या पत्रापेक्षां मला शोमरोनी माणसाची गोष्ट अधिक आठवली. परक्या पंथाचा तो वाटसरू आणि रस्त्याच्या कडेनें निघून गेलेले पुजारी. आम्ही लहानपणापासून ती गोष्ट सांगत आलों, आणि प्रत्येक वेळीं त्या वाटसरूच्या जागीं आम्ही स्वतःलाच बसविलें.

असें म्हणतांना ख्रिस्ती मंडळीचा जगाशीं संबंधच उरला नाहीं असें मला सुचवावयाचें नाहीं. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचें उदाहरण ताजें आहे. हरित वसईच्या चळवळींत ते पाण्यासाठीं, झाडांसाठीं व शेतजमिनींसाठीं उभे राहिले, धाकदपटशाला भ्याले नाहींत. त्यांनींच 'सुबोध बायबल' मराठीला दिलें आणि २०२० सालीं उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. २०२४ च्या जुलैमध्यें ते निवर्तले. गांवच्या विहिरीचें पाणी आणि शास्त्राचें भाषांतर ह्या त्यांना दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी वाटल्या नाहींत.

त्या दफनानंतर आमच्या इमारतींतल्या पांच-सहा घरांनीं ठरविलें कीं महिन्यांतून एकदां कोणाच्या तरी घरीं प्रार्थनेला जमावें. पंथ कोणताही असो. भाषेवरून पहिल्याच दिवशीं वाद झाला. शेवटीं ज्याच्या घरीं सभा त्याची भाषा, असा तोडगा निघाला. मलयाळम प्रार्थनेंतलें मला 'आमेन' एवढेंच कळतें, तें मी जोरानें म्हणतों. नाताळांत आमच्या घरच्या करंज्या आणि शंकरपाळे सगळ्यांकडे गेले. केरळच्या बाईंना वाटलें कीं आम्ही दिवाळीचा फराळ उशिरा करतों! नगरकडच्या ख्रिस्ती घरांतून नाताळाला असाच फराळ होतो व ताटें भरून हिंदु शेजाऱ्यांकडे जातात, हें त्यांना समजावून सांगावें लागलें.

एकदां सभा एका तरुण अभियंत्याच्या घरीं होती, आणि मराठीची पाळी होती. टिळकांचें एक भजन आम्ही सुरू केलें. कडवें अर्धें झालें असेल, तोंच स्वयंपाकघरांतून आणखी एक आवाज त्यांत मिसळला. चाल बरोबर, शब्द बरोबर, पुस्तक नाहीं. सगळे थांबले. ती त्या घरीं दोन वर्षें भांडीं घासणारी आणि आम्हां सर्वांसाठीं त्या वेळीं चहा करीत असलेली बाई होती. ती जालना जिल्ह्यांतली, आजोबांपासून ख्रिस्ती. घरच्या बाईनें विचारलें, 'तूं कधीं बोलली नाहींस?' ती म्हणाली, 'कोणीं विचारलंच नाहीं, ताई.' तिला बाहेर येऊन बसायला सांगितलें. खुर्च्या रिकाम्या होत्या. ती भिंतीशीं जमिनीवर बसली. आग्रह झाला तरी उठली नाहीं. तेव्हां आमच्या वरिष्ठांपैकीं एक गृहस्थ, कारखान्यांत मोठे अधिकारी असलेले, खुर्ची सोडून तिच्या शेजारीं खालीं बसले. त्यांचे गुढघे दुखतात हें मला ठाऊक आहे.

पण गोष्ट एवढ्यानें संपत नाहीं, आणि संपली असती तर मीं ती सांगितलीही नसती. अशा प्रसंगाचें गोड चित्र करून भिंतीवर लावणें फार सोपें असतें. पुढच्या महिन्यांत ती आली नाहीं. चौकशी केल्यावर कळलें कीं आमच्या सभेची वेळ, रविवारीं सायंकाळीं पांच, ही तिची दुसऱ्या दोन घरांची वेळ होती. खाडा केला तर पैसे कापले जात. त्या दोन घरांपैकीं एक घर आमच्याच सभेंतलें होतें. ही वार्ता उघड झाली तेव्हां खोलींत जी शांतता पसरली तिला मी प्रार्थना म्हणणार नाहीं. मग चर्चा झाली. एकानें सुचविलें, तिच्यासाठीं आपण दर महिन्याला कांहीं रक्कम बाजूला काढूं. दुसऱ्यानें म्हटलें, रक्कम कशाला, रविवारची सुट्टी पगारासह द्या. तो तिचा हक्क आहे, दान नव्हे. तिसऱ्यांना वाटलें कीं एका बाईसाठीं सगळ्यांची वेळ कशी बदलावी. हा शेवटचा आक्षेप मला पटला नाहीं, आणि नव्याण्णव मेंढरांच्या गोष्टीची मीं आठवण दिली, मास्तराची संवय. त्या गृहस्थांनीं उत्तर दिलें कीं नव्याण्णवांनाही सोमवारीं सकाळीं शाळा असते. उत्तर अगदींच वाईट नव्हतें.

अखेर वेळ साडेआठाची केली. दोन घरांनीं येणें बंद केलें. त्यांचीं मुलें लहान आहेत, त्यांना लवकर झोंपवावें लागतें. त्यांच्याविषयीं माझ्या मनांत किंतु नाहीं, आणि सणावारीं तीं येतात. रविवारची पगारी सुट्टी तीन घरांनीं सुरू केली, एकानें अजून केलेली नाहीं. ती बाई दर सभेला येते असें नाहीं; कधीं दमलेली असते, कधीं तिचा मुलगा आजारी असतो. येते तेव्हां मात्र ती खुर्चीवर बसते, आणि भजनाचा पहिला सूर तिनेंच लावायचा असा आतां परिपाठ पडला आहे, कारण आमच्यांत चाली तिच्याइतक्या कोणाला येत नाहींत. तिनें आपल्या ओळखीच्या आणखी एका बाईला आणलें. ही दुसरी चाकणकडे एका कारखान्यांत सुट्या भागांच्या जुळणीवर काम करते, आणि रात्रपाळी असली कीं प्रार्थना आटोपतांच बस गाठायला धांवते. तिच्यासाठीं प्रार्थनेनंतरचा चहा आतां प्रार्थनेच्या आधीं होतो.

तो चहा तो अभियंता स्वतः करतो. साखर फार घालतो.